वरचा कागद

पेपर वाटून झाला की आमचे गणिताचे सर स्टूल उचलायचे आणि वर्गाबाहेर व्हरांड्यात जाऊन बसायचे. तेही आमच्याकडे पाठ करून. मी हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. म्हणतात, काहीतरीच काय, मग ती परीक्षा कसली? अहो, तीच तर परीक्षा होती! आयुष्यात मी ढिगाने परीक्षा दिल्या, सरकारी नोकरीच्या खात्याअंतर्गत परीक्षासुद्धा दिल्या, पण त्या पाठीची जेवढी भीती वाटली तेवढी कशाचीच वाटली नाही. समोर उभा राहून डोळे वटारणारा मास्तर एक वेळ परवडला. त्याची नजर चुकवता येते. पाठीचं काय करणार?

आमची शाळा पहाडगंजातली, मराठी. खाली होलसेलची दुकानं, हातगाड्या, सायकलरिक्षांची घंटी, आणि वारा तिकडून असला की स्टेशनवरच्या घोषणा थेट वर्गात. शाळेत मुलं दोन प्रकारची. एक आम्ही, सरकारी क्वार्टरांमधली, ज्यांचे वडील कुठल्या ना कुठल्या मंत्रालयात फायली सरकवायचे. दुसरी कँटोन्मेंटमधून येणारी फौजी मुलं, ज्यांची मराठी आमच्यापेक्षा खणखणीत होती, कारण ती गावाकडून थेट इथे येऊन पडलेली असायची. आम्ही मात्र घरात मराठी, जिन्यात हिंदी. सरांना त्याचा भयंकर राग. हिवाळ्यात कुणी ‘मूंगफली’ म्हणालं की सर खडू खाली ठेवायचे. “शेंगा म्हणा. शेंगा म्हटल्याशिवाय मी पुढचं पद सोडवणार नाही.” मग अख्खा वर्ग एका सुरात ‘शेंगा’ म्हणायचा आणि समीकरण पुढे सरकायचं.

सर उंच होते आणि थोडे पुढे वाकलेले. गळ्यात बारा महिने मफलर. मे महिन्यात, दिल्लीच्या त्या लूच्या गरम झळांतसुद्धा! हिवाळ्यात तो कान झाकायला, उन्हाळ्यात घाम पुसायला, आणि डस्टर सापडलं नाही की फळा पुसायला. शाळेच्या मागच्याच गल्लीत एका दुकानावरच्या खोलीत ते एकटे राहायचे. परीक्षेच्या दिवशी कापडी पिशवीतून एक गजराचं घड्याळ घेऊन यायचे, टॉवेलात गुंडाळलेलं. टिकटिकीने मुलांची बेरीज चुकते असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे वेळ कुणालाच दिसायची नाही, सरांनासुद्धा नाही, आणि तीन तास संपले की टॉवेलातून कोंबडी घुसमटल्यासारखा आवाज यायचा. ती कोंबडी ओरडली की पेन खाली.

आणखी एक खोड होती. नववीपर्यंत आम्ही सगळे ‘ए गाढवा’ आणि ‘अगं ठोंबे’. दहावीच्या पहिल्या दिवशी मात्र सर वर्गात आले आणि एकदम अहो-जाहोवर. “अहो दत्ताराव, खिडकी लावता का जरा?” आम्ही हसून हसून बेजार. सर मात्र गंभीर. म्हणाले, “यंदा बोर्डाच्या फॉर्मवर तुम्ही स्वतः सही करणार. ज्याची सही चालते त्याला मी अरे-तुरे करत नाही.”

मी वर्गप्रमुख झाले ती माझ्या तोंडाळपणामुळे. एप्रिलमध्ये चिठ्ठ्या टाकून निवड झाली, सत्तावीसपैकी सतरा मतं मला. मला वाटलं, आता बिल्ला मिळेल, प्रार्थनेच्या वेळी पुढे उभं राहता येईल. आमच्या नव्या मुख्याध्यापिका मॅडमनी तर बिल्ले मागवलेही होते. सरांनी माझा बिल्ला टेबलाच्या खणात टाकला आणि मला शेवटच्या बाकावर पाठवलं. “प्रमुख, आजपासून तुम्ही इथे. इथून तुम्हाला सगळे दिसतात आणि तुम्हाला कुणी बघत नाही. बघू काय करता ते.” त्या दिवसापासून सरांनी मला नावाने हाक मारली नाही. ‘प्रमुख’ म्हणजे मी.

आणि मग तो वरचा कागद.

पेपर संपला की सगळ्या उत्तरपत्रिका मी गोळा करायच्या आणि गठ्ठ्यावर एक कोरा कागद ठेवायचा. त्यावर माझ्या हाताने एकच वाक्य लिहायचं : ‘या पेपरात कोणीही कोणाचे पाहिले नाही.’ खाली माझी सही. ते वाक्य खरं नसेल तर कागद कोरा ठेवायचा. नाव लिहायचं नाही, सांगायचं नाही, सर विचारणार नाहीत. कागद कोरा आला की सगळ्या वर्गाचा पेपर रद्द, आणि रविवारी सकाळी आठ वाजता सगळ्यांनी नवा पेपर द्यायचा. दरवर्षी दहावीला सर हेच करत आले होते. “पहारा चोरांवर ठेवतात,” एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

ऑगस्टच्या चाचणीत मी पहिल्यांदा कागद कोरा ठेवला. मधल्या रांगेत चक्क पुस्तक उघडलं होतं, आणि सरांची पाठ तिकडे आरामात शेंगा सोलत होती. सरांनी कोरा कागद पाहिला, उलटून पुन्हा पाहिला, आणि म्हणाले, “बरं. रविवारी आठ.” त्या रविवारी भारताची मॅच होती! झालं. आठ दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. शैला, माझी बालवाडीपासूनची मैत्रीण, तिने तर बसमध्ये जागा बदलली. “एक सही करायला तुझं काय जात होतं यार?” एवढं एकच वाक्य बोलली, तेही खिडकीबाहेर बघत. आईने डब्यात दिलेली साबुदाण्याची खिचडी मी एकटीच खायची.

त्या आठ दिवसांत माझ्या शेजारी येऊन बसला तो फक्त दत्ता. “मी दोन्ही वेळा नापासच होणार होतो,” म्हणाला, “मला काय फरक पडतो? आण इकडे ती खिचडी.”

दत्ता फौजेतल्या हवालदाराचा मुलगा. आठवीत साताऱ्याकडून आला होता. काटक, सरळ, आणि खोखोत असा पळायचा की त्याला पकडायचा विचारही कुणी करायचं नाही. पण गणित म्हटलं की बिचाऱ्याचे हातपाय गार पडायचे. सरांनी हुकूम सोडला : “प्रमुख, रोज मधल्या सुट्टीत अर्धा तास दत्तारावांसाठी.” मी नाक मुरडलं. पण शिकवायला लागले आणि लक्षात आलं की याला येत नाही असं नाही. माझ्यासमोर तो गणित नीट सोडवायचा. कधीकधी मला अक्कलही शिकवायचा. शंकूच्या आकाराच्या तंबूला किती कापड लागेल, हे गणित आलं की म्हणायचा, “कापडाचं सोड, खुंट्या किती लागतील ते कुणीच विचारत नाही. माझ्या बापाला विचार.” पण पेपर हातात आला की सगळी पाटी कोरी.

दिवाळीनंतर दोन गोष्टी एकदमच झाल्या. मॅडमनी नोटीस काढली : प्रीबोर्डला, म्हणजे शाळेच्या पूर्वपरीक्षेला, गणितात नापास होणाऱ्याला बोर्डाचं अॅडमिट कार्ड मिळणार नाही. आदल्या वर्षी शाळेचा निकाल पडला होता आणि कमिटीने मॅडमना बरंच सुनावलं होतं म्हणे. आणि त्याच आठवड्यात दत्ताच्या वडिलांच्या युनिटला हलायची ऑर्डर आली. मार्चअखेर क्वार्टर सोडायची. दत्ता दहावी पास झाला तर फौजेच्या टेक्निकल भरतीला बसणार, वडिलांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. परीक्षेलाच बसू दिलं नाही, तर गावी काकाच्या ट्रकवर क्लीनर. पुन्हा दहावी वगैरे काही नाही. घरात आणखी तीन भावंडं होती.

“तेहेतीस पाहिजेत फक्त,” दत्ता म्हणायचा. “शंभरातले तेहेतीस. जास्त मागतोय का मी?”

प्रीबोर्डचा गणिताचा पेपर जानेवारीत होता. त्या दिवशी धुकं असं होतं की समोरच्या दुकानाची पाटी दिसत नव्हती. बस उशिरा आली, मी धावत वर्गात शिरले, बोटं इतकी बधिर की पेनचं टोपण दाताने काढलं. सरांनी पेपर वाटले, घड्याळ टॉवेलात गुंडाळलं, स्टूल उचललं आणि बाहेर गेले. उघड्या दारातून धुक्यात त्यांची पाठ आणि मफलरचं टोक तेवढं दिसत होतं.

दत्ता माझ्या शेजारच्या रांगेत, माझ्याच ओळीत. मधे फक्त जायची वाट. पहिला तास मी मान वर केली नाही. मग तंबूचं गणित आलं. चौदा मीटर व्यास, चोवीस मीटर उंची. मी ते भराभर सोडवलं आणि सहज उजवीकडे पाहिलं. दत्ताचं पान कोरं होतं. नाव, हजेरी क्रमांक, आणि पहिल्या प्रश्नाच्या दोन ओळी. बस. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. हा पोरगा खोखोत गुडघा फुटला तरी हूं की चूं करत नसे.

मी दाराकडे पाहिलं. पाठ. वर्गाकडे पाहिलं. पंचवीस माना खाली. मला कुणी बघत नव्हतं.

मी एक शब्द बोलले नाही. उत्तरपत्रिका बाकाच्या कडेला सरकवली आणि त्यावरचा हात उचलून घेतला. एवढंच केलं. दत्ताने आधी कागदाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ. मी चिडले. मनात म्हटलं, अरे मूर्खा, बघ ना आता! मग त्याने मान खाली घातली आणि लिहायला लागला. मी पान उलटायची, तो लिहायचा. अर्धा तास तरी हे चाललं असेल.

कोंबडी ओरडली. मी उत्तरपत्रिका गोळा केल्या, गठ्ठ्यावर कोरा कागद ठेवला. सर आत आले आणि मफलर सोडून पुन्हा गुंडाळत उभे राहिले, खिडकीकडे तोंड करून. मी लिहिलं : ‘या पेपरात कोणीही कोणाचे पाहिले नाही.’ आणि सही केली. माझा हात जरासुद्धा कापला नाही. याचं मला आजही आश्चर्य वाटतं, आणि लाजही.

चौथ्या दिवशी मला मॅडमच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. काठावर पास झालेल्यांचे आणि त्यांच्या शेजारी बसणाऱ्यांचे पेपर मॅडमनी स्वतः बघायला मागवले होते. टेबलावर दोन उत्तरपत्रिका शेजारी शेजारी उघडून ठेवलेल्या. एक माझी, एक दत्ताची. सर टेबलाच्या या बाजूला उभे. बसायला सांगितलं तरी ते बसले नव्हते.

“हे बघा सर,” मॅडम म्हणाल्या. “बावीस गुणिले पंचवीस. दोघांनीही पाचशे चाळीस लिहिलंय. पाचशे पन्नास हवं ना? बिल्कुल सेम चूक. आणि त्याच्या आधीची ओळ खोडलीय, तीही दोघांनी. मला काय लहान मूल समजता?”

चूक माझीच होती. घाईत मी गुणाकार चुकले होते, आणि दत्ताने ती चूक इमानदारीने उतरवली होती. खोडलेल्या ओळीसकट!

पण मला धडकी भरली ती दुसऱ्याच गोष्टीने. दोन्ही पेपरांत त्या पाचशे चाळीसभोवती सरांच्या लाल शाईचा गोल होता. सारखाच. म्हणजे पेपर तपासतानाच सरांना दिसलं होतं. मॅडमच्या आधी दिसलं होतं आणि ते गप्प राहिले होते.

“वरचा कागद आहे, मॅडम,” सर म्हणाले.

“त्या कागदाला काय अर्थ आहे? पंधरा वर्षांची पोर आहे ती!”

“पंधरा वर्षांच्या पोरीची सही बोर्ड घेतं.”

“सर, मी शांतपणे सांगतेय. तुम्ही वर्गात नव्हतात. हे कमिटीपुढे गेलं तर दहावी तुमच्याकडे राहणार नाही. आणि त्या मुलाला कार्ड मी देणार नाही.”

सर माझ्याकडे वळले. मी इतकी घाबरले होते की त्यांच्या मफलरच्या गाठीकडे बघत राहिले.

“प्रमुख, ही सही तुमची?”

“हो सर.”

पुढचा प्रश्न येईल असं मला वाटलं. यावा असंही वाटत होतं, देवाशप्पथ. ‘आणि हे खरं आहे का?’ एवढं जरी विचारलं असतं, तरी मी तिथल्या तिथे भडाभडा सगळं सांगून टाकलं असतं. पण सरांनी विचारलंच नाही. खिशातून पेन काढलं, माझ्या सहीखाली लिहिलं, ‘यावर माझा विश्वास आहे’, आणि स्वतःची सही केली. तो कागद त्यांनी मॅडमच्या पुढ्यात ठेवला. मॅडमनी तो वाचला, दोन्ही उत्तरपत्रिका मिटल्या आणि म्हणाल्या, “ठीक आहे. तुम्ही लिहून देताय म्हणून.” दत्ताचे एक्केचाळीस मार्क कायम राहिले.

बाहेर जिन्यात दत्ता उभा होता. “वाचलो रे बाबा,” मी म्हटलं. दत्ता हसला नाही.

“सरांनी सही केली खाली?”

“हो.”

“म्हणजे आता ते पण खोटे.”

“मग काय करू? जाऊन सांगू? तुझं कार्ड जाईल, कळतंय ना?” मी ओरडलेच त्याच्यावर. राग माझा मलाच आला होता आणि निघत त्याच्यावर होता.

तो बराच वेळ कठड्याचा रंग नखाने खरवडत राहिला. मग म्हणाला, “सांगायचं असलं तर माझ्यासाठी गप्प बसू नको. फक्त आधी माझ्याकडे बघ एकदा. एवढं कर.”

मी काही सांगितलं नाही. स्वतःला समजावलं, सरांचं काही बिघडलं नाही, दत्ताचं काम झालं, विषय संपला. रात्री मात्र जेवण जायचं नाही. आई म्हणायची, बोर्डाचं टेन्शन आहे पोरीला.

पुढच्या आठवड्यात शेवटची उजळणी चाचणी होती. सरांनी पेपर वाटले. घड्याळ टॉवेलात गुंडाळलं. स्टूल उचललं. आणि दाराकडे न जाता ते टेबलाशेजारी ठेवलं आणि आमच्याकडे तोंड करून बसले.

वर्ग चमकला. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. “बाहेर थंडी आहे ना,” शैला माझ्या पुढच्या बाकावरून कुजबुजली, “म्हणून असेल.” आणि सगळ्यांना ते पटलं. सगळे आपापल्या पेपरात घुसले. सर आमच्यावर डोळे वटारून बघत नव्हते. ते कुणाकडेच बघत नव्हते. टॉवेलाच्या त्या गाठोड्याकडे बघत बसले होते, आणि आज शेंगा नव्हत्या. माझ्या बाकावर दरवेळी ते स्वतः आणून ठेवायचे तो कोरा कागदही नव्हता.

इतक्या वर्षांत जे कुणी केलं नव्हतं ते मी केलं होतं. सरांना आत आणून बसवलं होतं. त्यांनी मॅडमसमोर मला वाचवलं, एका शब्दाने बोल लावला नाही, आणि आता इथे आमचा पहारेकरी होऊन बसले होते. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी हसत खाल्ल्या असत्या!

मला एक आकडा दिसेना. वीस मिनिटं गेली असतील, नाहीतर चाळीस, घड्याळ टॉवेलातच होतं. मी वहीतलं एक पान फाडलं. फाडल्याचा आवाज झाला तरी सरांनी मान वर केली नाही. मग मी दत्ताकडे पाहिलं. त्याने सांगितलं होतं म्हणून पाहिलं.

त्याला लगेच कळलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. दोन दिवसांनी कार्डं वाटणार होते. त्याचं कार्ड ऑफिसात, मॅडमच्या कपाटात, त्याच्या नावाचं, तयार होतं. तो नाही म्हणाला असता तर मी ते पान चुरगाळलं असतं, खोटं कशाला बोलू. पण त्याने पेन खाली ठेवलं, दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि मान हलवली. हो म्हणून.

मी लिहिलं : ‘प्रीबोर्डच्या गणिताच्या पेपरात मी माझा पेपर दाखवला. वरचा कागद खोटा आहे.’ खाली सही. या वेळी हात इतका थरथरला की सही माझी वाटेना. मी उठले आणि पान सरांच्या हातात दिलं.

सरांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. वर्गात पेनं थांबली होती.

“याचा अर्थ कळतो, प्रमुख?”

“हो सर. सगळ्यांचा पेपर परत.”

“आणि ज्यांना दाखवला त्यांचं काय होऊ शकतं, तेही कळतं?”

मागून बाक सरकल्याचा आवाज आला. दत्ता उभा राहिला होता.

“कळतं सर. मी येतो रविवारी.”

“मी नाव विचारलेलं नाही, दत्ताराव,” सर म्हणाले. “खाली बसा.”

त्यांनी पानाची घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मफलर नीट केला. मग उठले, स्टूल उचललं, आणि बाहेर जाऊन बसले. आमच्याकडे पाठ करून. मी जागेवर आले आणि रडत रडत उरलेली गणितं सोडवली. रडण्यामुळे दोन चुकली.

ते पान सर स्वतः मॅडमकडे घेऊन गेले. आत काय बोलणं झालं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. एवढंच कळलं की पेपर परत घ्यायला मॅडम तयार झाल्या आणि दत्ताचं कार्ड त्या मार्कांवर ठरणार होतं. वर्गाला मी उभं राहून सांगितलं, माझ्यामुळे झालंय, रविवारी आठ. मला वाटलं, आता ही मंडळी मला कच्ची खाणार. शैलाने कपाळाला हात लावला. “परत रविवार? तू ना यार...” आणि मग म्हणाली, “मॅच नाहीये ना पण या रविवारी? मग चलो.” रविवारी तिने सगळ्यांसाठी मेथीचे पराठे आणले होते, सत्तावीस जणांना अर्धा अर्धा.

मॅडमही आल्या होत्या. त्या काही वेळ वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या. बाहेर सरांची पाठ, आत आम्ही. मग त्यांनी शिपायाला खुर्ची आणायला सांगितली आणि सरांच्या शेजारी बाहेर बसल्या. पूर्ण पाठ काही त्यांनी केली नाही, अर्धीच केली. पण बसल्या बाहेर. मी माझी उत्तरपत्रिका बाकाच्या आतल्या बाजूला घेऊन दोन्ही हातांखाली दाबून धरली होती. उजवीकडे बघायचं नाही अशी शपथ घेतली होती आणि दत्ताचं पेन चालल्याचा आवाज कान देऊन ऐकत होते. मधेच थांबायचं. माझंही थांबायचं. मग पुन्हा चालू व्हायचं. पेपर संपल्यावर मी वरचा कागद लिहिला. ते वाक्य इतकं सावकाश मी कधीच लिहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी कमिटीने सरांकडून दहावी काढून घेतली. सरांनीच ते पान आणून दिलं होतं, त्यांच्याच सहीच्या कागदावर त्यांनीच काट मारली होती, आणि शिक्षा त्यांनाच झाली. आठवी दिली त्यांना. माझी धाकटी बहीण तेव्हा आठवीत होती. पहिल्या चाचणीच्या दिवशी घरी येऊन म्हणाली, “ताई, ते सर ना, पेपर देऊन बाहेर जाऊन बसले! आणि आम्हाला अहो म्हणतात!” मी तिच्यासमोर हसले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. सरांची माफी मात्र मी कधी मागितली नाही. दोनदा त्यांच्या खोलीच्या जिन्यापर्यंत गेले आणि परत फिरले.

रविवारच्या त्या पेपराचे मार्क बुधवारी कळले. सरांनी उत्तरपत्रिका वाटल्या आणि दत्ताची सगळ्यात शेवटी दिली. दत्ता ती घेऊन मागे आला आणि माझ्या बाकावर बसला. उघडेचना. मी म्हटलं, उघड नाहीतर मी उघडते. छत्तीस! काठावर, पण छत्तीस. मी बाकावर मूठ आपटली. त्याचं कार्ड त्याला मिळालं, बोर्डातही तो जेमतेम पास झाला, भरतीला बसला, ते सगळं नंतरचं. त्या क्षणी तो मार्कांकडे बघतच नव्हता. पानं उलटत होता. नव्या पेपरातही सरांनी तंबू घातला होताच, आकडे बदलून. दत्ता तिथे चुकला होता. तिरपी उंची काढायची सोडून सरळ उंचीच घालून मोकळा झाला होता. असली चूक माझ्याकडून मेले तरी झाली नसती. तिच्याभोवती लाल शाईचा गोल होता आणि बाजूला सरांच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘दत्ताराव, ही चूक तुमची स्वतःची आहे. अभिनंदन.’

दत्ताने त्यावर बोट ठेवलं आणि पेपर माझ्याकडे सरकवला.

“बघ,” म्हणाला, “यात तुझं काही नाही.”